जहाज एक, सुटे भाग दोन देशांत

ज्याचे डेव्हलपर कधीच सोडून गेलेत, असा जुना कोड सांभाळणं हे माझं रोजचं काम. म्हणून आयएनएस राजपूत या विनाशिकेची गोष्ट मला जवळची वाटते.

सोव्हिएत काशीन वर्गाची ही सुधारित आवृत्ती. बांधली निकोलायेवला, आणि ४ मे १९८० रोजी पोटी बंदरात भारतीय नौदलात दाखल झाली. इंजिनं म्हणजे चार गॅस टर्बाइन.

मग १९९१ मध्ये सोव्हिएत संघच फुटला. पोटी जॉर्जियात गेलं, निकोलायेव युक्रेनमध्ये. टर्बाइनवाला झोर्या कारखानाही त्याच गावात! शस्त्रांचे बरेच कारखाने मात्र रशियात. म्हणजे एकाच जहाजाच्या सुट्या भागांसाठी दोन दारं ठोठवायची. २०१४ पासून तर त्या दोन घरांतच भांडण.

तरीही राजपूत ४१ वर्षं चालली. ब्रह्मोसच्या चाचण्याही तिच्यावरून झाल्या. २१ मे २०२१ ला विशाखापट्टणमला ती निवृत्त झाली.

यातून मी एक शिकलो: वस्तू घेताना किंमत सगळेच बघतात. उद्या बनवणाराच राहिला नाही तर दुरुस्ती कोण करणार, हेही तेव्हाच विचारायचं.