वजाबाकीतले रॉकेट

माझा नातू अमेरिकेत अभियांत्रिकी शिकतो आणि सुटीच्या दिवशी छंद म्हणून छोटी रॉकेटे उडवितो. तेथे हा छंद जुना व शिस्तबद्ध आहे. रॉकेटचे वजन १५०० ग्रॅम व त्यातील इंधन १२५ ग्रॅम यांच्या आत असले, तर विमानवाहतूक खात्याची पूर्वपरवानगी लागत नाही. साहजिकच ही मंडळी ग्रॅमचा हिशेब आपण पैचा ठेवावा तसा ठेवतात.

इंधनाची नळी रॉकेटच्या मधोमध धरून ठेवणारी एक कडी असते. ती प्लायवूडची असताना ६२ ग्रॅम भरत होती. नातवाने ती फ्युजन नावाच्या संगणकप्रणालीत नव्याने आखली. कोणती छिद्रे हलवायची नाहीत, कोठे किती जोर येणार आणि साहित्य कोणते, एवढे आपण सांगावे. प्रणाली त्या वस्तूचे हजारो सूक्ष्म भाग पाडून प्रत्येकावरील ताण मोजते आणि ज्यावर भार नाही ते काढून टाकते. बेंडसो आणि किकुची या संशोधकांनी १९८८ मध्ये या गणिताचा पाया घातला. उरते ती आकृती झाडाच्या फांद्यांसारखी दिसते. नायलॉनमध्ये छापलेली नवी कडी ३८ ग्रॅम भरली.

उड्डाण उत्तम झाले. उतरताना मात्र पॅराशूट उघडताच कडीची एक फांदी मोडली आणि रॉकेटचा खालचा भाग शेतात कोसळला.

कारण ऐकून मला बँकेतली कर्जप्रकरणे आठवली. वर्षभराची आवक चोख मांडलेली, पण एकाच दिवशी देय होणारी मोठी रक्कम कोठेच नाही, असे कागद मी पुष्कळ पाहिले. नातवाने इंधनाचा जोर लिहिला होता. तो नळीभोवती सारखा वाटला जातो. पॅराशूटची दोरी ज्या छिद्रात बांधायची ते छिद्र त्याने राखले, परंतु त्यावरचा हिसका लिहिलाच नाही. प्रणालीने त्या छिद्रापाशी केवळ नावापुरते साहित्य ठेवले. शिवाय थरांवर थर देऊन छापलेली वस्तू थरांच्या जोडावर अधिक दुबळी असते.

"आजोबा, चूक प्रणालीची नव्हे, माझी," असे तो म्हणाला. मला ते आवडले.

हिसका लिहिल्यावर कडी ४६ ग्रॅमची झाली. तरीही सोळा ग्रॅम वाचले, आणि तेही शेपटीकडचे. याला विशेष किंमत आहे. रॉकेट सरळ जाण्यासाठी त्याचा गुरुत्वमध्य हवेच्या दाबाच्या मध्याच्या पुढे, निदान नळीच्या एका व्यासाइतका, असावा लागतो. शेपूट जड असेल तर नाकात उगाच वजन भरावे लागते. शेपटीतून काढलेला ग्रॅम म्हणून दोनदा वाचतो. नाकातून काढलेला मात्र घातक ठरू शकतो. हे दोन्ही मध्य ओपनरॉकेट या विनामूल्य प्रणालीत पडद्यावर दिसतात.

दुसऱ्या उड्डाणापूर्वी त्याने कडी छताला टांगली आणि दोरीच्या छिद्रातून वाळूची पिशवी अडकवून ती सोडून पाहिली. तीन वेळा.