‘दीपावली’मागचे रंग

चित्रकार दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) यांनी १९४५ साली ‘दीपावली’ हा दिवाळी अंक सुरू केला. संपादकच चित्रकार असल्याने त्यात चित्रांना मजकुराच्या बरोबरीचा मान मिळाला. दलालांचा जन्म गोव्यातला, कलाशिक्षण मुंबईतले. त्या काळच्या पाश्चात्त्य वास्तववादी शिस्तीतून त्यांची शरीररचना आणि छायाप्रकाशावरची पकड आली. लयदार बाह्यरेषा मात्र अजिंठ्याची आठवण करून देते. सपाट, उजळ रंग आणि नायिकांचे विषय लघुचित्रपरंपरेतले. ‘शृंगारनायिका’ या चित्रमालिकेत हे नाते सर्वांत ठसठशीत दिसते. जुन्या परंपरेची ही नक्कल नव्हे. छपाईच्या पानावर शोभेल अशी ती नवी मांडणी होती.

पूर्व-पश्चिमेची अशी सरमिसळ युरोपातही झाली होती. १९१८ साली ॲम्स्टरडॅममध्ये निघालेल्या ‘वेंडिंगेन’ मासिकाने चौरस आकार आणि जपानी पद्धतीची बांधणी स्वीकारली. संपादक वाइडेफेल्ड मुखपृष्ठे वेगवेगळ्या कलावंतांकडून करून घेत. ‘दीपावली’ची ओळख मात्र मुख्यतः एकट्या दलालांच्या कुंचल्याने घडवली. त्यांच्या निधनानंतरही अंक निघत राहिला.