ठिगळावरचा पक्षी

चिनी भाषेत ‘बू’ म्हणजे ठिगळ लावणे. दरबारी अंगरख्यावर छातीला आणि पाठीला जो फूटभराचा भरजरी चौकोन शिवत, त्याचं नाव ‘बूझ’. रेशीम, सोन्याची जर, महिनोन्‌महिन्यांचं भरतकाम, आणि नाव मात्र ठिगळ!

मिंग घराण्याने 1391 साली हा नेम घालून दिला. मुलकी अधिकाऱ्याला पक्षी, लष्करी अधिकाऱ्याला श्वापद. मुलकी दर्जे नऊ. सर्वांत वर क्रौंच, तिसऱ्यावर मोर, सहाव्यावर बगळा, तळाकडे लावा. माणूस तोंड उघडण्याआधीच त्याला किती वाकून नमस्कार करायचा, हे समोरच्याला कळे. न्यायनिवाड्यावर नजर ठेवणाऱ्यांना मात्र वेगळंच जनावर: एकशिंगी शिएझी, जो म्हणे खोटं बोलणाऱ्याला बरोबर शिंग मारतो.

मिंगांनंतर मांचूंची राजवट आली, त्यांनी पुरुषांची कपाळं भादरायला लावली, वेणी सक्तीची केली. ठिगळ मात्र ठेवलं. त्यांचा कोट समोरून उघडायचा, त्यामुळे छातीवरचा पक्षी मधोमध दुभागला. बटणं लावली की पुन्हा एकसंध. खाली लाटा, लाटांतून वर आलेला खडक, खडकावर एका पायावर उभा पक्षी, आणि त्याची मान कोपऱ्यातल्या तांबड्या सूर्याकडे वळलेली. सूर्य म्हणजे बादशहा, हे कुणाला सांगावं लागत नसे. बायकोच्या चौकोनात हेच चित्र उलटं, म्हणजे जोडीनं बसल्यावर दोन्ही पक्षी समोरासमोर.

हे कापड सरकारातून मिळत नसे, ज्याचं त्यानं करून घ्यायचं. एकोणिसाव्या शतकात तिजोरी रिकामी झाली, दर्जे उघड विकले जाऊ लागले, आणि कारागिरांनी सोय काढली. लाटा, ढग, सूर्य एकदाच भरायचे. पक्षी वेगळ्या तुकड्यावर काढून वरून टाचायचा. बढती मिळाली की बगळा उसवा, हंस लावा. माझ्या मते त्या काळच्या कारभाराचं याहून प्रामाणिक चित्र दुसरं नाही. चिनीत ढोंगी, नीच माणसाला ‘कपडे-टोपी घातलेलं जनावर’ म्हणतात. त्या शिवीचं मूळ लोक याच चौकोनात शोधतात.

1912 मध्ये बादशाही संपली. परदेशी पाहुण्यांनी हे चौकोन विकत घेऊन त्यांच्या पिशव्या आणि उश्या केल्या. उरलेल्यांपैकी काहींवर आज पक्षीच नाही. खडक आहे, लाटा आहेत, कोपऱ्यात सूर्यही आहे. मधली जागा कोरी.