सारवलेल्या जमिनीची निगा

भोर आणि राजगड (पूर्वीचे वेल्हे) तालुक्यांच्या पश्चिमेकडील सह्याद्रीच्या पट्ट्यात पाऊस मुसळधार पडतो, त्यामुळे रायरेश्वर, राजगड, तोरणा या किल्ल्यांच्या परिसरातील जुन्या घरांत मातीची जमीन टिकवायची तर तिची निगा नेमाने राखावी लागते. अशी जमीन करताना मुरूम व माती पसरून, पाणी शिंपडून ती चोपण्याने, म्हणजे सपाट लाकडी बडवण्याने, ठोकून घट्ट केली जाते, आणि वाळल्यावर शेणकाल्याचा, म्हणजे पाण्यात कालवलेल्या शेणाचा, पातळ थर पोतेऱ्याने (फडक्याने) किंवा हाताने अर्धगोलाकार फिरवून दिला जातो. शेणातील न पचलेले वनस्पतितंतू मातीचे कण बांधून ठेवतात, म्हणून सुकताना भेगा कमी पडतात आणि धूळ दबते. मात्र काला जाड झाल्यास वरचा थर वेगळ्या प्रमाणात आकसून त्याचे पोपडे सुटतात. खड्डे आधी ओल्या मातीने बुजवून, चोपून मगच सारवावे. पावसाळ्यात जोत्यातून, म्हणजे घराच्या चौथऱ्यातून, ओल केशाकर्षणाने, अर्थात मातीच्या सूक्ष्म पोकळ्यांतून, वर चढते, म्हणून सारवण उघडिपीच्या दिवशी करून दारे-खिडक्या उघड्या ठेवणे हितावह ठरते. शेणात धनुर्वाताचे जंतू असू शकतात, त्यामुळे हाताला जखम असताना सारवणे कटाक्षाने टाळावे.