किल्ली देणाऱ्याची जबाबदारी

मलकापूरहून मोताळ्यामार्गे राजूर घाट चढून बुलढाण्यास जाणाऱ्या रस्त्यावर मिसरूडही न फुटलेला मुलगा मोटारसायकल हाकीत असून मागे, मांडीवर खताची गोणी सावरीत, खुद्द वडीलच कौतुकाने बसले आहेत, या दृश्याचे ज्यास नवल वाटत नाही, त्याने मोटार वाहन कायद्याचे कलम 199-अ एकवार अवश्य वाचावे. 2019 च्या दुरुस्तीने दाखल झालेल्या या कलमान्वये अल्पवयीनाच्या हातून वाहनविषयक गुन्हा घडल्यास पालक अथवा वाहनमालक हाच दोषी मानला जातो: 3 वर्षांपर्यंत कारावास, 25,000 रुपये दंड, वाहनाची नोंदणी 12 महिने रद्द आणि मुलास वयाच्या 25 व्या वर्षापर्यंत परवाना नाही. पालकाची संमती होती असेच न्यायालय गृहीत धरते. ‘मला ठाऊक नव्हते’ हे शाबीत करण्याचा बोजा पालकावरच. (सोळाव्या वर्षी मुभा आहे ती केवळ 50 सीसीपर्यंतच्या दुचाकीची, आणि तशी पेट्रोलची गाडी आता औषधालाही सापडत नाही.)

पुण्याच्या कल्याणीनगरात 19 मे 2024 रोजी आलिशान मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला, तेव्हा सतरा वर्षांच्या चालकाचे वडील तर अटकेत गेलेच. परंतु मुलाच्या रक्ताऐवजी स्वतःचे रक्त तपासणीस दिल्याच्या आरोपावरून पुढे आईसही अटक झाली. वात्सल्याची ही परिसीमा नव्हे. पाठराखणीची होय, आणि तिचा आरंभ किल्ली देण्यापासूनच होतो.

परवान्याचा अर्ज अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर बुलढाण्याच्या परिवहन कार्यालयाकडे करावा. तोवर किल्ली वडिलांनी आपल्याच खिशात ठेवावी.