मोटारगाडीतील हँड्सफ्री संचाची जोडणी

मोटारगाडीतील हँड्सफ्री संच हा वाहनचालकाला मोबाइल फोन हातात न धरता संभाषण करता यावे यासाठी गाडीत कायमस्वरूपी बसवला जाणारा उपकरणसंच होय. नियंत्रण पेटी, मायक्रोफोन, चालकाजवळ बसवायची कळ किंवा छोटा पडदा आणि गाडीच्या स्टिरिओशी जोडणारा तारांचा हार्नेस हे त्याचे मुख्य भाग असतात. कारखान्यातून आलेल्या मूळ ध्वनियंत्रणेशी असा संच जोडणे तुलनेने सोपे असते. मात्र गाडीत नंतर स्वतंत्र ॲम्प्लिफायर, सबवूफर किंवा ध्वनिप्रक्रिया करणारे उपकरण बसवले असल्यास संचाचा हार्नेस ज्या गृहीतकावर आधारलेला असतो, तेच लागू राहत नाही. फोन येतो, स्टिरिओ गप्प होतो आणि समोरच्याचा आवाज मात्र कोठेच ऐकू येत नाही, हा अशा जोडणीतील सर्वपरिचित दोष आहे.

पार्श्वभूमी

वाहन चालवताना हातात फोन धरण्यावर जर्मनीने २००१ मध्ये, तर ब्रिटनने १ डिसेंबर २००३ पासून बंदी घातली. याच सुमारास ब्लूटूथ असलेले फोन प्रचारात आल्याने युरोपात नंतर बसवता येणाऱ्या संचांना मोठी मागणी निर्माण झाली. पॅरिस येथे १९९४ मध्ये स्थापन झालेल्या पॅरट कंपनीचा सीके३००० हा या प्रकारातील बहुपरिचित संच होता. भारतात मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने हातात धरलेल्या संपर्क उपकरणाच्या वापराचा धोकादायक वाहनचालनात स्पष्ट समावेश करण्यात आला. पहिल्या अपराधासाठी सहा महिने ते एक वर्ष कारावास किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद त्यात आहे.

हात मोकळे राहिले म्हणजे धोका टळला, असे मात्र नाही. रेडेलमायर आणि तिबशिरानी यांनी टोरांटो परिसरातील अपघातग्रस्त ६९९ चालकांच्या फोन नोंदी तपासून १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात फोनवर बोलत असताना अपघाताचा धोका सुमारे चौपट आढळला होता. हँड्सफ्री फोन वापरणाऱ्यांना त्यात सुरक्षिततेचा फायदा दिसला नाही.

मूळ यंत्रणेतील जोडणी

युरोपीय गाड्यांमध्ये दीर्घकाळ आयएसओ १०४८७ या मानकाची सॉकेट वापरली गेली. त्यातील ‘अ’ भागात वीजपुरवठ्याच्या, तर ‘ब’ भागात चार स्पीकरांच्या आठ तारा असतात. ‘अ’ भागात ४ क्रमांकाच्या टोकाला बॅटरीचा कायम पुरवठा, ७ क्रमांकाला इग्निशनबरोबर चालू-बंद होणारा पुरवठा, ८ क्रमांकाला अर्थ आणि ५ क्रमांकाला विद्युत अँटेना किंवा ॲम्प्लिफायर चालू करण्याचा संकेत असतो. काही फोक्सवॅगन आणि ओपेल गाड्यांत ४ आणि ७ ही टोके अदलाबदल केलेली आढळतात. हे लक्षात न घेतल्यास इग्निशन बंद होताच स्टिरिओ घड्याळ व साठवलेली रेडिओ केंद्रे विसरतो. जपानी आणि बऱ्याच भारतीय गाड्यांना स्वतःची वेगळी सॉकेट असल्याने त्यांच्यासाठी मधला जोड-हार्नेस घ्यावा लागतो.

नंतर बसवल्या जाणाऱ्या स्टिरिओंच्या तारांचे रंग बव्हंशी ठरलेले आहेत. पिवळी कायम पुरवठ्याची, लाल इग्निशनची, काळी अर्थाची, निळी अँटेनाची आणि पांढऱ्या पट्ट्याची निळी ॲम्प्लिफायरला चालू होण्याचा संकेत देणारी असते. आवाज बंद करण्याच्या संकेतासाठी अनेकदा तपकिरी तार वापरतात. कारखान्यातून आलेल्या गाडीच्या स्वतःच्या तारांना हे रंग लागू नसतात. तेथे मल्टिमीटरने मोजून खात्री करावी लागते.

हँड्सफ्री संचाचा हार्नेस गाडीची सॉकेट आणि स्टिरिओ यांच्यामध्ये बसतो. एरवी स्टिरिओचा आवाज त्याच्यातून तसाच स्पीकरांकडे जातो. फोन येताच संचातील रिले स्टिरिओच्या तारा तोडतात आणि पुढचे स्पीकर संचातील छोट्या ॲम्प्लिफायरला जोडतात. शिवाय स्टिरिओला आवाज बंद करण्याची सोय असल्यास संच तपकिरी तार अर्थाला जोडून तसा संकेतही देतो. स्पीकरांच्या तारा स्टिरिओच्या मागील सॉकेटमधूनच जातात, हे या रचनेचे मूळ गृहीतक होय.

वाढीव यंत्रणेत होणारा बदल

स्टिरिओच्या दर्शनी भागावर ‘५० वॅट, चार वाहिन्या’ असे लिहिलेले असले, तरी १४.४ व्होल्ट पुरवठ्यावर ४ ओहमच्या स्पीकरला सातत्याने मिळणारी शक्ती प्रत्यक्षात प्रत्येकी २० वॅटच्या आसपासच असते. त्यामुळे आवाजाची हौस असलेले मालक आसनाखाली किंवा डिकीत स्वतंत्र ॲम्प्लिफायर बसवतात. मग स्टिरिओतून निघणारा संकेत आरसीए तारांनी, म्हणजे सामान्यतः २ ते ४ व्होल्टच्या कमी पातळीवर, ॲम्प्लिफायरकडे जातो आणि तेथून नव्या तारांनी स्पीकरांकडे पोहोचतो. मूळ सॉकेटमधील स्पीकरांच्या आठ तारा अशा गाडीत निकामी झालेल्या असतात. हँड्सफ्री संच त्यांच्याकडे आवाज पाठवत राहतो, पण त्यांच्या दुसऱ्या टोकाला काहीच जोडलेले नसते.

अशा वेळी संचाच्या स्पीकर तारा थेट ॲम्प्लिफायरच्या स्पीकर तारांना जोडण्याचा मोह होतो. ही सर्वांत महागडी चूक ठरू शकते. स्टिरिओ, संच आणि बहुतेक ॲम्प्लिफायर यांतील निर्गम पुलाच्या रचनेचे असू शकतात. अशा रचनेत स्पीकरची ऋण तार अर्थ नसते. बॅटरीवर थेट चालणाऱ्या उपकरणांत तिच्यावरही पुरवठ्याच्या सुमारे निम्मा, म्हणजे ६ ते ७ व्होल्ट दाब असतो. ती अर्थाला लागली किंवा दोन उपकरणांचे निर्गम एकमेकांना जोडले गेले, तर एकाची शक्ती दुसऱ्याच्या निर्गमात उतरते आणि एखादे उपकरण जळते.

जोडणीच्या पद्धती

सर्वांत साधा मार्ग म्हणजे संचाला स्वतःचा स्वतंत्र स्पीकर देणे. डॅशबोर्डखाली किंवा पायाजवळ छोटा स्पीकर बसवून संचाचा निर्गम त्याला जोडला जातो आणि स्टिरिओकडे फक्त आवाज बंद करण्याची तार नेली जाते. पारंपरिक दूरध्वनीच्या आवाजाचा पट्टा ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच असल्याने मोठ्या स्पीकरांचा बोलण्याला फारसा लाभ होत नाही. सबवूफरचा तर काहीच होत नाही. दिसायला ही पद्धत कमी प्रतीची वाटते, परंतु दोष निर्माण होण्याची शक्यता तिच्यात सर्वांत कमी असते.

संचाला कमी पातळीचा निर्गम असेल आणि स्टिरिओला फोनसाठी खास प्रवेश असेल, तर ते एकमेकांना जोडता येतात. फोन आल्यावर स्टिरिओ आपोआप त्या प्रवेशाकडे वळतो. साध्या ऑक्झिलरी प्रवेशात हे घडत नाही. रेडिओ चालू असताना फोन आला, तर चालकाला स्वतः स्रोत बदलावा लागतो आणि संचाचा हेतूच हरवतो.

तिसरी पद्धत ॲम्प्लिफायरला स्पीकर-पातळीचा प्रवेश असल्यास वापरता येते. येथे आरसीए तारा वापरल्याच जात नाहीत. स्टिरिओच्या स्पीकर तारा संचाच्या मूळ हार्नेसमधून जातात आणि हार्नेसमधून निघालेल्या तारा स्पीकरऐवजी ॲम्प्लिफायरच्या प्रवेशाला जोडल्या जातात. असा प्रवेश नसल्यास स्पीकर-पातळी कमी करणारा परिवर्तक मध्ये घालतात. संगीताच्या शुद्धतेत किंचित घट होते, पण रिलेंची मूळ रचना जशीच्या तशी काम करते. त्यामुळे फार चोखंदळ श्रोता नसेल, तर हीच पद्धत सोयीची पडते.

चौथ्या पद्धतीत आरसीए तारांवरच रिले बसवून दोन वाहिन्या स्टिरिओवरून संचाच्या निर्गमावर वळवल्या जातात. गाड्यांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या १२ व्होल्टच्या रिलेचे वेटोळे सुमारे १५० मिलिअँपिअर प्रवाह घेते. आवाज बंद करण्याची तार केवळ संकेतासाठी असल्याने तिला एवढा भार पेलेलच असे नाही. म्हणून येथे लहान संकेत-रिले किंवा ट्रान्झिस्टर वापरतात. वेटोळे बंद होताना निर्माण होणारा उलट दाब शोषण्यासाठी त्याला समांतर डायोड लावतात.

ज्या यंत्रणेत ट्विटर आणि मध्यम स्पीकर यांना वेगवेगळ्या वाहिन्या दिलेल्या असतात, तेथे फोनचा आवाज वारंवारता विभागणाऱ्या टप्प्याच्या आधीच सोडावा लागतो. तो फक्त मध्यम स्पीकरला दिल्यास ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखे वर्ण बोजड ऐकू येतात. संरक्षक कपॅसिटर नसलेल्या ट्विटरला थेट दिल्यास ट्विटर जळण्याचा संभव असतो.

ॲम्प्लिफायर चालू करणारी तार

स्वतंत्र ॲम्प्लिफायर निळ्या-पांढऱ्या तारेवर १२ व्होल्ट आल्याशिवाय चालू होत नाही आणि ही तार स्टिरिओकडून येते. स्टिरिओ बंद ठेवून प्रवास करणाऱ्याला फोन आल्यास ॲम्प्लिफायर बंदच राहतो. यावर उपाय म्हणून इग्निशनच्या पुरवठ्यावरून ॲम्प्लिफायर चालू ठेवता येतो किंवा फोनच्या वेळी संचाकडून त्याच तारेवर पुरवठा दिला जातो. दुसऱ्या प्रकारात दोन्ही स्रोतांच्या तारांवर एकेक डायोड घालणे आवश्यक असते, अन्यथा संचाकडून आलेला पुरवठा उलट दिशेने स्टिरिओत शिरतो. काही ॲम्प्लिफायर चालू झाल्यावर आवाज सोडण्यास क्षणभर वेळ घेतात. त्यामुळे पलीकडच्याचे पहिले ‘हॅलो’ हरवते.

प्रतिध्वनी

वाढीव यंत्रणेतील सर्वांत गुंतागुंतीचा दोष गाडीत बसलेल्याला ऐकूच येत नाही. पलीकडच्या व्यक्तीचा आवाज स्पीकरमधून निघतो, काचा व छतावर आपटून मायक्रोफोनमध्ये शिरतो आणि तिला परत ऐकू जातो. मोबाइल जाळ्यातील येण्या-जाण्याचा विलंब १०० मिलिसेकंदांहून अधिक असल्याने हा प्रतिध्वनी बोलणाऱ्याला अडखळायला लावतो.

संचातील प्रक्रियक तो काढून टाकण्याचे काम करतो. स्पीकरकडे पाठवलेला संकेत त्याला ठाऊक असतो. तो संकेत मायक्रोफोनपर्यंत कोणत्या रूपात आणि किती विलंबाने पोहोचतो, याचा अंदाज सतत सुधारत तो तेवढा भाग मायक्रोफोनच्या संकेतातून वजा करतो. ही वजाबाकी दोन अटींवर टिकते. स्पीकरपर्यंतचा मार्ग वारंवार बदलता कामा नये आणि त्यात विकृती येता कामा नये. मूळ हार्नेसमध्ये आवाजाची पातळी संच स्वतःच ठरवतो, म्हणून त्याला बदलाची खबर असते. आवाज स्टिरिओतून नेल्यास चालकाने बटण फिरवताच संचाचा अंदाज चुकतो आणि तो नव्याने जुळेपर्यंत प्रतिध्वनी जातो. स्पीकरांचा काळ जुळवणारे आणि वारंवारता घटवणारे-वाढवणारे डिजिटल उपकरण मध्ये असल्यास विलंब वाढतो. तो संचाच्या आवाक्याबाहेर गेल्यास वजाबाकी होतच नाही. ॲम्प्लिफायरची पातळी जास्त ठेवल्याने आवाज फाटत असेल, तर फाटलेला भाग संचाला ओळखता येत नाही.

म्हणून संचाचा आवाज शक्यतो ध्वनिप्रक्रिया टाळून नेणे, ॲम्प्लिफायरचा प्रवेश बेताचा ठेवणे आणि फोन फक्त पुढील स्पीकरांवर ऐकवणे, हे मार्ग अवलंबले जातात. मायक्रोफोन सूर्यपडदीजवळ किंवा छताच्या दिव्याजवळ, चालकाच्या तोंडाकडे वळवून आणि हवेच्या झोतापासून दूर लावतात. २०११ मधील हँड्सफ्री प्रोफाइलच्या १.६ आवृत्तीने आवाजाचे नमुने सेकंदाला ८,००० ऐवजी १६,००० वेळा घेण्याची सोय आणली. यामुळे बोलणे अधिक स्पष्ट झाले, पण वजा करावयाचा पट्टाही रुंदावला.

गोंगाट

इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी-उतरणारी शिट्टी बहुधा अर्थाच्या वळशामुळे येते. संच डॅशबोर्डजवळ आणि ॲम्प्लिफायर डिकीत वेगवेगळ्या ठिकाणी अर्थाला जोडलेले असले, की त्या दोन ठिकाणांमधील सूक्ष्म दाबफरक संकेताच्या तारेत शिरतो. संचाची अर्थ तार स्टिरिओच्या अर्थाजवळच जोडल्याने हा दोष बऱ्याचदा जातो. न गेल्यास संकेताच्या तारेवर लहान ट्रान्सफॉर्मर असलेला विलगक लावतात. याउलट फोन वाजण्याआधी येणारी ‘टर्र-टर्र’ जीएसएम फोनच्या प्रक्षेपणाची असते. हे प्रक्षेपण ४.६१५ मिलिसेकंदांच्या चौकटींत, म्हणजे सेकंदाला सुमारे २१७ झोतांत होते आणि ती वारंवारता कानाला ऐकू येते. आरसीए तारा फोन ठेवण्याच्या जागेपासून दूर नेल्याने ती कमी होते.

बसवताना घ्यावयाची काळजी

काम सुरू करण्याआधी बॅटरीची ऋण तार काढतात. काही स्टिरिओ पुरवठा तुटल्यावर सांकेतिक क्रमांक मागत असल्याने तो आधी हाती असावा लागतो. पिवळ्या रंगाच्या जोडण्या बहुतेक गाड्यांत एअरबॅगच्या असतात, त्यांना मीटर किंवा चाचणीचा दिवा लावत नाहीत. पुढच्या खांबातून मायक्रोफोनची तार नेताना ती पडदा-एअरबॅगच्या मागून नेली जाते, समोरून नाही. संचाच्या कायम पुरवठ्याच्या तारेवरील फ्यूज स्रोताच्या जवळ असावा लागतो.

जोडणीची चाचणी स्टिरिओ चालू ठेवून, बंद ठेवून आणि इंजिन चालू असताना अशी तीनदा घेतली जाते. प्रतिध्वनी आणि मायक्रोफोनमधील गोंगाट केवळ पलीकडच्यालाच ऐकू येत असल्याने प्रत्येक वेळी दुसऱ्या फोनवर, गाडीबाहेर, एखादी व्यक्ती बोलती ठेवावी लागते.