बंगळुरूतला मांडव आणि संध्याकाळचा पाऊस

महाराष्ट्रात लग्नाचा मुहूर्त आणि भर पावसाळा यांची गाठ फारशी पडत नाही. आषाढी एकादशीला चातुर्मास लागतो, कार्तिकात तुळशीचे लग्न होते आणि मगच माणसांच्या लग्नांचे मुहूर्त निघतात. मधला बहुतेक पाऊस पंचांगच टाळून देते. वैशाखातल्या मांडवाला वळवाची एखादी सर सोडली तर आभाळाची धास्ती नसते. हा पिढ्यानपिढ्यांचा हिशेब बंगळुरूत चुकतो. तिथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाने खुल्या जागेवर लग्न ठरवले, की त्याला पाऊस नव्याने शिकावा लागतो.

बंगळुरूचा पाऊस तीन वेळा येतो. एप्रिल-मेमध्ये वादळी सरी, जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी पाऊस आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बंगालच्या उपसागराकडून येणारा परतीचा. मे महिन्याची सरासरी सव्वाशे मिलिमीटरच्या आसपास आहे, सप्टेंबरची दोनशेच्या आसपास, आणि ऑक्टोबरही फार मागे नाही. म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतरचे मुहूर्त आणि तुळशीच्या लग्नानंतरचे मुहूर्त, दोन्ही ओले निघू शकतात. कन्नड घरांत आषाढ वर्ज्य आणि श्रावण लग्नाला चांगला मानतात. त्यामुळे तिथली बहुतेक लग्ने छत असलेल्या कल्याण मंटपात होतात, यात नवल नाही. खात्रीने कोरडे म्हणावे असे महिने जानेवारी आणि फेब्रुवारी. खुल्या मैदानाचा हट्टच असेल तर माघातला मुहूर्त धरावा.

महिन्याइतकीच वेळही महत्त्वाची. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरचे हे पठार उन्हाळ्यात सकाळभर तापते. तापलेली हवा दमट हवेला घेऊन वर चढते, दुपारी ढग बांधले जातात आणि चार वाजल्यानंतर कोसळतात. मे महिन्यात सकाळी आकाश निरभ्र होते म्हणून संध्याकाळी पाऊस नाही, असे बंगळुरूत कोणी गृहीत धरू नये. सकाळी नऊ-दहाचा मुहूर्त बहुधा कोरडा जातो. गोरज मुहूर्त आणि त्यानंतरचा स्वागत समारंभ मात्र नेमका पावसाच्या वेळेवर येतो. दोन मुहूर्त हाती असतील तर सकाळचा घेणे, ही सगळ्यात स्वस्त तयारी आहे.

यानंतर जमीन. उदाहरणाला एचएसआर लेआउट घेऊ. ही होसूर-सर्जापूर रस्त्यालगतची, सात सेक्टरांची वसाहत. तिच्या उत्तरेला अगरा तलाव, पुढे बेळ्ळंदूर. जुन्या बंगळुरूत एका तलावाचे जास्तीचे पाणी राजकालुवे म्हणजे मोठ्या नाल्यांतून दुसऱ्या तलावात जाई. नाले अरुंद झाले, तलावांभोवती बांधकामे वाढली, आणि आता तेच पाणी रस्त्यावर थांबते. ५ सप्टेंबर २०२२ रोजी शहरात २४ तासांत १३० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला तेव्हा हा सगळा पट्टा पाण्याखाली होता. १८ मे २०२५ च्या रात्री, ऐन लग्नसराईत, शंभराहून अधिक मिलिमीटर पाऊस पडला आणि एचएसआरच्या रस्त्यांवर पुन्हा पाणी साचले. म्हणून जागा बघायला जायचे ते जोराच्या पावसानंतर दुसऱ्या दिवशी. भिंतीवर चिखलाची रेघ किती उंचीवर आहे, गवतात पाणी कुठे थांबले आहे, जनरेटर ठेवायची जागा उंच आहे की खोलगट, हे तेव्हाच दिसते. पाहुण्यांसाठी येलो लाइन मेट्रोची सेंट्रल सिल्क बोर्ड आणि बोम्मनहळ्ळी ही स्थानके पत्रिकेसोबत कळवावीत. ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेला हा मार्ग उन्नत आहे. खाली सिल्क बोर्ड चौक तुंबला तरी गाडी वरून जाते.

खरा कस लागतो तो मांडवाचा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, वजनाला एक किलो. तीस बाय साठ फुटांचा मांडव सुमारे १६७ चौरस मीटरचा होतो. तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला तर त्यावर आठ हजार लिटरहून जास्त पाणी पडते. ते वाहून गेले तर काहीच बिघडत नाही. बिघडते ते साचल्यावर. दोन खांबांमध्ये कापड सैल असेल तिथे आधी ओंजळभर पाणी थांबते, त्याच्या वजनाने कापड आणखी खाली येते, आणि खळगा स्वतःच मोठा होत जातो. दोन मीटर लांब-रुंद खळग्यात सरासरी १५ सेंटीमीटर पाणी साठले तरी पाहुण्यांच्या डोक्यावर ६०० किलो वजन लोंबत असते. मग कोणीतरी बांबूने खालून ढोसतो, आणि ते पाणी पंगतीवर येते किंवा कापड फाटते.

यावर उपाय उताराचा. मधला कणा उंच हवा आणि दर तीन फुटांना निदान एक फूट उतार हवा. शोभेचे कापड खाली, वर ताणून बांधलेली ताडपत्री. दोन मांडव जिथे जुळतात तिथे पन्हळ लावली नाही तर पाणी हमखास तिथूनच गळते, आणि नेमकी तिथेच जेवणाची रांग असते. जर्मन हँगर, म्हणजे धातूच्या सांगाड्याचा तयार मांडव, महाग पडतो, पण उतार आणि ताण दोन्ही त्यात आधीच असतात. मे महिन्याच्या पावसाआधी सोसाट्याचा वारा येतो. बाजूचे पडदे तेव्हा शिडासारखे फुगून खांब ओढतात. ते झटकन सोडता येतील असे बांधावेत. जमिनीवर नुसता गालिचा नको, खाली वीतभर उंच फळ्यांचा ओटा हवा.

विजेच्या तारांचे जोड जमिनीवर ठेवू नयेत, आणि गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच मुख्य फलकावर हवाच. ढगातल्या विजेसाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ अॅप जवळपास कुठे वीज पडते आहे ते दाखवते. लखलखाट आणि गडगडाट यांत तीन सेकंदांचे अंतर म्हणजे वीज साधारण एक किलोमीटरवर. लोखंडी खांबांचा मांडव तेव्हा आसरा ठरत नाही. माणसे पक्क्या इमारतीत न्यावीत आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबावे. एचएसआरमध्ये तीस बाय चाळीसच्या प्लॉटवरील घरांच्या गच्चीत हळद आणि मेंदी होते. गच्चीला हा नियम आणखी कडकपणे लागू आहे.

नोव्हेंबरचा पाऊस निराळा. उपसागरात वादळ उठले की बंगळुरूत दोन-दोन दिवस बारीक पाऊस आणि गारठा राहतो; २०२४ च्या डिसेंबरारंभी फेंगल चक्रीवादळाने तसेच झाले. मे महिन्याची सर तास-दीड तासात ओसरते, तिच्यासाठी थांबता येते. या पावसात थांबून उपयोग नाही. मात्र त्याची चाहूल हवामान खात्याकडून तीन-चार दिवस आधी लागते, तेवढ्यात सभागृह ठरवता येते.

पर्यायी जागा आणि हलण्याची वेळ, दोन्ही करारातच लिहून घ्यावीत. संध्याकाळच्या लग्नासाठी दुपारी दोन ही वेळ योग्य: तोवर ढगांचा रोख कळतो आणि सजावट हलवायला हात मोकळे असतात. निर्णय एकाच माणसाकडे द्यावा, आणि तो वधूचा किंवा वराचा बाप नसावा; त्याला त्या दिवशी इतर कामे पुष्कळ. पाऊस थांबेपर्यंत कार्यक्रम लांबवायचा तर रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही, हेही धरून चालावे.

हलवताना आधी देवक, मग होमाचे साहित्य. समिधा, गोवऱ्या आणि तूप झाकणाच्या डब्यात असावे, कारण ओलसर समिधा पेटत नाहीत, नुसता धूर करतात. अक्षता आणि अंतरपाट त्याच डब्यात. चौघड्याचे कातडे दमट हवेत सैल पडते आणि आवाज बसतो, म्हणून वादकांना सगळ्यात आधी छताखाली बसवावे. नव्या जागी बोहल्यापुरती कोरडी जमीन आणि होमाचा धूर जायला एक उघडी बाजू मिळाली, की भटजी मंगलाष्टके सुरू करू शकतात. खुर्च्या आणि फुले मागून येतात.